शुक्रवारी बारापर्यंत आलेला शेवटचा बायोडाटा

जवळ ये गं जरा. पुण्यात बसली असलीस तरी ये. हा कागद हातात धरलास की मी तुझ्या शेजारी येऊन बसले असं समज, आणि आधी चार शब्द ऐकून घे. कुठल्याशा बारशाला तू ऐकलंस की परभणीच्या आपल्या बाईनं कॉम्प्युटरचं बटण दाबून एका साठीच्या चुलत्याचं लग्न मोडलं. ऐकलंस ते ऐकलंस, वर आणखी चौघींना सांगितलंस! चाळीस वर्षांची मैत्रीण तू माझी. एक फोन करून विचारायला काय झालं होतं तुला? चुलत्याचं लग्न कुठून आलं मधे? त्यांना तीन नातवंडं आहेत. मोडलं तर काहीच नाही, झालं तर भलतंच झालं. आता मीच लिहून पाठवते. पुढच्या बारशाला सांगशील तर निदान धड सांग.

तुला माहीतच आहे, आपल्या मंडळाचं वधू-वर केंद्र मी सांभाळते. देवळाच्या सभागृहाला लागून एक खोली आहे, खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. तू इथं होतीस तेव्हा बायोडाट्याचे कागद पिशवीत भरून असायचे. मुलींची पिशवी हिरवी, मुलांची निळी. नंतर कुणीतरी अध्यक्षांच्या कानात सांगितलं की आता सगळं मेलवर घ्या. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमी घ्या मेलवर." त्यांना वाटलं मेल म्हणजे एक मोठी पिशवी.

मी घेतलं. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, ते तुला ठाऊक आहे. शिवणकामाचं मशीन जसं उघडून बघितलं, दोरा कुठून कुठं जातो ते बोटानं तपासलं, तसंच हेही. एक्सेलमधे मी सगळ्या मुलामुलींचा तक्ता केला होता, नाव, गाव, उंची, शिक्षण, मामेकुळ. तेवढं जमत होतं. पण दर मेलमधे बायोडाटा अटॅचमेंट म्हणून जोडलेला. मेल उघडा, त्या कागदावर टिचकी मारा, सेव्ह म्हणा, फोल्डर शोधा, पुन्हा सेव्ह म्हणा. एकाला ठीक. मेळाव्याच्या आधी रोज पन्नास यायला लागले तेव्हा माझं मनगट असं धरलं की पोळी लाटताना पोळीचा नकाशा व्हायचा. आमचे हे ताटातली पोळी उचलून म्हणायचे, "आज कोणता तालुका?"

मग मी व्हिडिओ बघायला बसले. त्यात एक बाई अगदी सावकाश, डाळ निवडल्यासारखं सांगत होती की एक्सेलमधे मॅक्रो नावाची चीज असते. आपण हातानं जे करतो ते ओळीनं लिहून ठेवायचं. मग एक बटण दाबलं की एक्सेल स्वतःच मेलच्या पेटीत शिरतं, एकेक मेल उघडतं, त्याला चिकटलेला कागद सोडवतं आणि आपण सांगू त्या फोल्डरमधे ठेवून येतं. मला वाटलं, ही तर चांगली सून झाली! सांगितलं तेवढं करते, वर उत्तर देत नाही. पुढं कळलं की सांगितलं तेवढंच करते, हीच खरी पंचाईत.

तीन आठवडे गेले मला ते जमवायला. ओळी सगळ्या इंग्रजीत. मी मधेच 'मुली' असा शब्द मराठीत घातला तर त्याच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं उमटली. मुली म्हटलं की सगळ्यांनाच प्रश्न पडतात, तर मशीनला का नाही पडणार! फोल्डरचा पत्ता लिहिताना शेवटची तिरकी रेघ राहिली म्हणून एकदा सगळे कागद शेजारच्याच फोल्डरमधे जाऊन पडले. पण एका मंगळवारी बटण दाबलं आणि खाली 'झालं' असा माझाच शब्द, मीच इंग्रजी अक्षरात लिहून ठेवलेला, आला. मी खुर्चीतून उठून अध्यक्षांना फोन केला. "या, बघायला या. एका बटणात दीडशे बायोडाटे!"

अध्यक्ष आले. येताना दोन सदस्य घेऊन आले. मी फोल्डर उघडलं. आत सहा फाईली.

"बाकीचे?" अध्यक्ष म्हणाले.

मी पहिली उघडली. चुडाव्याचा एक गृहस्थ, वय चोपन्न, दुसरेपणाचा. दुसरी फाईल म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसच्या मेलखाली असतं ते निशाण. तिसऱ्यात बोकडाचा फोटो.

"वहिनी," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "जिल्ह्यात एवढेच उरले का? आन् हे तिसरं कुणाकडचं स्थळ?"

दोघं सदस्य जे हसायला लागले ते पार पायरीपर्यंत हसतच गेले. मी आपली तशीच उभी.

काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी उमजलं. आपल्याकडं बायोडाटा घरी कोण करतं गं? सगळे जातात ऑनलाइन सेंटरवर. सेंटरवाल्याकडं एक नमुना ठरलेला असतो. वर गणपती, खाली रास-नाडी-गण, शेवटी अपेक्षा. नाव बदलायचं, फोटो बदलायचा, आणि फाईलला नाव द्यायचं 'बायोडाटा'. सगळ्या जिल्ह्याच्या मुलामुलींच्या फाईलीचं नाव एकच. मॅक्रो एक ठेवायचं, त्याच नावाचा दुसरा आला की पहिल्याच्या जागी ठेवायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. शेवटी चुडाव्याचे गृहस्थ आले, ते तेवढे राहिले. बरं तर बरं, मूळ मेल पेटीत जिथल्या तिथं होत्या, म्हणून कुणाचं कायमचं गेलं नाही.

मी म्हटलं, फाईलीच्या नावापुढं पाठवणाऱ्याचा पत्ता जोडू. जोडला. तर सोनपेठकडच्या सगळ्या मुलींची मिळून एकच फाईल! का, तर सोनपेठचा सेंटरवाला सगळ्यांचं स्वतःच्याच पत्त्यावरून पाठवतो. मग मी व्हॉट्सॲपवर नियम टाकला. मेलच्या विषयात फक्त नाव आणि गाव लिहा, दुसरं काही लिहू नका. पहिल्या दिवशी एका बापानं विषयात लिहिलं, 'ताईस सा. न. वि. वि. मुलगी सालस आहे'. पण हळूहळू लोक वळणावर आले. मॅक्रो विषय वाचायचं, तेच नाव फाईलीला द्यायचं. नाव-गाव, नाव-गाव, ओळीनं लागलेल्या फाईली. दोन महिने मी टेचात होते. अध्यक्षांनाही आता बोकड आठवेना.

त्या टेचातच मी एक गोष्ट विसरले. एकाच मुलीचे दोन बायोडाटे आले तर?

आता ती मुलगी. नाव सांगत नाही. सोनपेठची, एकोणतीस वर्षांची, वडील लहानपणीच गेले, आई आणि ती. वीज कंपनीत लाईनमन आहे. हो, बाई असून लाईनमन. कमरेला पट्टा बांधून खांबावर चढते, तार जोडते, फ्यूज टाकते. भरतीच्या वेळी खांबावर चढून दाखवायचं असतं, तेव्हा खाली उभ्या पोरांपेक्षा आधी चढली म्हणे. केंद्रात नाव घालायला स्वतः एसटीनं आली होती. मुली सहसा एकट्या येत नाहीत, कुणीतरी मोठं सोबत असतं आणि तेच बोलतं. हिनं समोर बसून मला स्वतःचा बायोडाटा वाचून दाखवला. व्यवसाय: लाईनमन, खांबावर चढते. लग्नानंतर: चढत राहीन. अपेक्षा: आई माझ्यासोबत राहील, हे ज्यांना चालेल त्यांनीच फोन करावा.

मी म्हटलं, "बाई, जरा गोड शब्दात लिही की."

ती म्हणाली, "मावशी, गोड लिहिलं की लय फोन येत्यात. मंग मलाच सगळ्याइला न्हाई म्हणत बसावं लागतंय. कडू लिहिलं की ज्याला पचतंय त्योच येतो."

मला ती तिथंच आवडली. तिनं माझ्यासमोर स्वतःच्या फोनवरून मेल केली, विषयात नाव-गाव नियमानं लिहिलं, आणि गेली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन. आवाज असा की मी रिसिव्हर, म्हणजे मोबाईल, कानापासून लांब धरला.

"मावशी, तुमी माझा बायोडाटा बदलला का?"

"मी? मी कशाला बदलू?"

"जिंतूरकडच्या एका बाईचा फोन आल्ता. म्हणल्या, 'पोरी, लग्नानंतर नोकरी सोडणार असं लिव्हलंय, ते बरं केलंस.' मी कवा लिव्हलं हे?"

मी फाईल उघडली आणि गार झाले. नाव तिचं, फोटो तिचा, पण साडीतला, लग्नात काढलेला. व्यवसाय: वीज कंपनीत कार्यालयीन काम. वर्ण: गोरा. उंची दोन इंच वाढलेली. गृहकृत्यदक्ष. नोकरी: सासरच्या इच्छेप्रमाणे सोडण्यास तयार. आणि आईचं नाव फक्त आई म्हणून, कुठं राहील त्याचा पत्ताच नाही.

मेलच्या पेटीत बघितलं. चार दिवसांपूर्वी सोनपेठच्या सेंटरवरून आलेली. विषय तोच, नाव-गाव, माझ्या नियमाप्रमाणे तंतोतंत. पाठवणारे तिचे काका, थोरले चुलते. मी शनिवारी बटण दाबलं होतं, मॅक्रोनं पोरीचा कागद काढला, चुलत्यांचा ठेवला. आणि मी न बघता तोच जिंतूरला पाठवला. ते लिहिलं चुलत्यांनी हे खरं, पण पोरीचं खरं बोलणं पुसलं ते माझ्या मॅक्रोनं. मी तिला तसं सांगितलं. लपवलं नाही.

 ती म्हणाली, "मेळाव्याच्या पुस्तकात कोणता जाणार?"

खरा प्रश्न तोच होता. मेळाव्यात प्रत्येक घराला छापील पुस्तिका मिळते. ती वर्षभर घरात राहते, पाहुण्यांकडं फिरते. त्यात जे छापलं ते छापलं. तिथं 'नोकरी सोडण्यास तयार' गेलं तर पोरगी वर्षभर दारात आलेल्या माणसांना खोटी ठरत बसणार. आणि समजा एखाद्या घरी लग्न ठरलं, तर मंडप उतरल्यावर आईचं काय?

"तू परत पाठव," मी म्हटलं.

तिनं पाठवला. बटण दाबलं, तिचा आला. बुधवारी चुलत्यांनी पाठवला. त्यांना कसं कळलं? अगं, अध्यक्ष आणि ते एकाच गावच्या शाळेत शिकलेले. अध्यक्ष खोलीत येऊन फाईली बघायचे आणि फोन लावायचे. मग पोरीनं पाठवला. मग चुलत्यांनी. सकाळी ती खांबावर, दुपारी ऑफिसात, संध्याकाळी पुन्हा खांबावर. आमचे हे रोज जेवताना विचारायचे, "आज पोरगी वर हाय का खाली?"

शेवटी अध्यक्ष माझ्या टेबलापाशी येऊन बसले. "वहिनी, हे काय चालू हाय? घरातलं मोठं माणूस सांगतंय तेच धरायचं असतं. चुलत्याचा ठेवा."

"आन् पोरीनं लिव्हलेलं?"

"पोरीला काय कळतंय? आपल्या केंद्राचं नाव जाईल. खांबावर चढती असं कुणी बायोडाट्यात लिव्हतं का?"

मनात आलं, भांडावं. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे, भांडून मला कधीच काही मिळालं नाही. सासूबाईंकडून सुद्धा जे मिळवलं ते 'हो' म्हणून मिळवलं. मी म्हटलं, "तुमचं बरोबर हाय. पण एकाचं ऐकलं, दुसऱ्याचं न्हाई ऐकलं, असं व्हायला नको. उद्या दुसरं कुणी बोट दाखवंल. त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम करू. अमुक वाजेपर्यंत जो शेवटचा बायोडाटा येईल तोच छापायचा. मशीनच ठरवंल. तुमच्यावर बोलणं नको, माझ्यावर नको."

अध्यक्षांना बोलणं नको ही गोष्ट लय आवडते. "करा," म्हणाले. "चुलत्याला मी सांगतो शेवटी पाठवायला. कधीपर्यंत ठेवायचं?"

"शुक्रवारी दुपारी बारा," मी म्हटलं. "शनिवारी छापखाना."

त्यांनी मान डोलावली. कागदावर सही केली. सूचना व्हॉट्सॲपवर गेली, खाली त्यांचं नाव.

आता तू म्हणशील, मॅक्रोमधे एक ओळ वाढवून तारीख-वेळ नावाला जोडली असती तर दोन्ही राहिले असते. जोडता आली असती. मला तोपर्यंत येतही होतं. पण दोन्ही राहिले असते तर निवडलं असतं अध्यक्षांनी. म्हणून नाही जोडली. झालं, कबूल केलं.

आणि शुक्रवार का? पुण्याला राहून तुला विसर पडला असेल, पण सोनपेठला शुक्रवारी लाईट नसते. देखभालीचा दिवस. सकाळी नऊला जाते ती दुपारी दोन-अडीचला येते. माझी नणंद तिकडंच दिली आहे, शुक्रवारी तिचा मिक्सर चालत नाही म्हणून ती गुरुवारीच चटण्या वाटून ठेवते. सगळ्या गावाला हे माहीत. पण माणसाला माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेलच असं नाही, आणि अध्यक्ष तर कैक वर्षांपासून परभणीतच.

मी पोरीला फोन करून नियम सांगितला. ती म्हणाली, "मावशी, शुक्रवारी तर आमचं..."

"तुझं तू काम कर," मी म्हटलं. "मी मेलचं बोलायलेय. तू कामावर जायच्या आधी पाठव. बाकी तुझ्या कामात काही कमी-जास्त करायचं न्हाई, वेळेवर सुरू, वेळेवर बंद."

"ते तर साहेब ठरवत्यात," ती म्हणाली. आणि हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा हसली असावी.

शुक्रवारी मी दहालाच खोलीवर जाऊन बसले. आमचे हे पण आले, त्यांना घरी बसवेना. म्हणाले, "हे बरोबर न्हाई करायलीस."

"काय बरोबर न्हाई?"

"शुक्रवार."

"शुक्रवार मी केला का? आधीपासून हाय."

ते पेपरात तोंड घालून बसले. पण घड्याळ माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं त्यांनीच.

पेटीत आठ वाजून काही मिनिटांनी आलेली पोरीची मेल होती. चुलत्यांची गुरुवारी संध्याकाळची. त्यांनी मनात धरलं होतं की पावणेबाराला शेवटची पाठवायची, म्हणजे मागून कुणी येणार नाही. हुशारी बघ. ती फाईल होती सेंटरच्या कॉम्प्युटरात. साडेअकराला ते सेंटरवर गेले. पुढचं मला सेंटरवाल्यानंच नंतर सांगितलं, खुर्चीवरून उठून नक्कल करून.

"लाव कॉम्प्युटर."

"काका, लाईट न्हाई. शुक्रवार हाय."

"मंग इन्व्हर्टर लाव की!"

"बॅटरी फुगलीय, दोन महिने झाले."

चुलत्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना आठवलं की आपल्या घरातच वीज कंपनीचं माणूस आहे. त्यांनी पुतणीला फोन लावला. लाईट कधी येणार हे विचारायला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू. सेंटरवर झेरॉक्ससाठी आलेली दहा-बारा माणसं खोळंबून उभी. आणि फोन उचलला तिच्या कामावरच्या जोडीदारानं, खांबाखाली उभ्या असलेल्यानं.

"काका, मॅडम वर हायत. खांबावर. खाली उतरल्या की फोन लावायला सांगतो."

"कवा उतरणार?"

"तार ओढून झाली की."

सेंटरवाला सांगतो, सगळ्यांनी माना वळवून काकांकडं बघितलं. मग दाराशी उभा एक म्हातारा म्हणाला, "बायोडाट्यात ऑफिसचं काम लिव्हलंय का हो? मी वाचल्ता जिंतूरच्या पाव्हण्याकडं."

त्यांनी मला फोन लावला तेव्हा बाराला आठ मिनिटं होती. "ताई, अर्धा तास द्या. इथं लाईट न्हाई."

मी म्हटलं, "भाऊ, माझ्या हातात असतं तर दिला असता. नियमावर अध्यक्षांची सही हाय." हे सगळं खरं होतं गं. एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच जरा लाज वाटली. खोटं बोलले असते तर निदान देवापाशी माफी मागता आली असती.

बाराला बटण दाबलं. 'झालं' आलं. फाईल उघडली. लाईनमन, खांबावर चढते, चढत राहीन, आई माझ्यासोबत.

पुस्तिका छापून आली. मेळाव्याला त्या पानापाशी लोक थांबायचे, एकमेकांना दाखवायचे. बरेचसे पान उलटून पुढं जायचे. एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे छापायचं चुकलं का?" मी म्हटलं, "न्हाई, हे एकच पान बरोबर छापलंय." बाकीच्या पानांवर सगळ्या मुली गोऱ्या आणि सगळी मुलं निर्व्यसनी होती.

संध्याकाळी खुर्च्या आवरायच्या वेळी तिचे चुलते माझ्यापाशी आले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते शेजारी बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"ताई, शुक्रवार तुमी मुद्दाम ठेवला न्हवं?"

मी मांडीवरच्या उरलेल्या पुस्तिका सारख्या करत राहिले.

"मला वाईट वाटलं म्हणून विचारायलो न्हाई," ते म्हणाले. "भाऊ गेला तवा ही सहा वर्षांची होती. शाळेत मी घातली. पहिल्यांदा खांबावर चढली तवा मी खाली उभा होतो, बघवंना म्हणून पाठ केली. मला वाटायचं, असं लिव्हलं तर हिला कोण करून घेणार? मी गेल्यावर हिच्याकडं कोण बघणार? म्हणून लिव्हलं ते. माझं चुकलं आसंल. पण वैरी म्हणून न्हाई लिव्हलं."

मी म्हटलं, "भाऊ, वैऱ्यानं लिव्हलं असतं तर मी शुक्रवार शोधत बसले नसते, सरळ चारचौघांत भांडले असते."

ते हसले. पण डोळे पुसले त्यांनी, टोपीनंच.

त्या पुस्तिकेवरून तिला सगळे मिळून चार फोन आले. कडू लिहिल्याचं फळ, ती म्हणाली तसंच. तिघं आईच्या मुद्द्यावर अडले. चौथा पिंगळीचा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पहिल्या भेटीला माझ्या खोलीवरच आले दोघं. मी दाराबाहेर बसले होते, कान आतच होते. त्यानं विचारलं, "वर गेल्यावर भ्या वाटत न्हाई का?" ती म्हणाली, "वर न्हाई वाटत. खाली आल्यावर लोक विचारायला लागले की वाटतंय." मग तो बराच वेळ ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सबद्दल बोलला, ती ऐकत होती, मधेच तिनं त्याला कुठला नट उलटा बसवतो ते सांगितलं. मी म्हटलं, झालं, जुळलं.

पण पूर्ण जुळलेलं नाही अजून. त्यालाही आई आहे, एकटीच. तो म्हणतो, "तुमची आई आली तर मला चालतंय, पण घर दोन खोल्यांचं हाय आन् माझी आई कडक हाय. दोघींचं पटलं तरच." पोरगी म्हणाली, "माझी आई पण काय मऊ न्हाई." चुलते म्हणाले, "मंग दोघींना बसवा समोरासमोर." अध्यक्ष म्हणाले, "वहिनींच्या घरी बसवा." त्यांना बोलणं नको असतं ना!

तर येत्या रविवारी दोघी आया माझ्याकडं जेवायला आहेत. पोरगी नाही, मुलगा नाही, चुलते नाहीत. फक्त त्या दोघी, आणि मी. दोघींनी मला आधीच वेगवेगळा फोन करून विचारून ठेवलंय की दुसरी स्वयंपाकात तिखट किती घालते. मला हे सोपं वाटत नाही. यात बटण कुठलं दाबायचं ते कुणी व्हिडिओत सांगितलेलं नाही. तू असतीस तर एकीशी तू बोलली असतीस, एकीशी मी. तुझी सासू आणि तुझी आई एका घरात बारा वर्षं कशा राहिल्या ते तूच सांगू शकतेस, मला काय माहीत त्यातलं?

म्हणून म्हणते, शनिवारीच निघ. सुनेला सांग, दोन दिवस घर बघ म्हणावं. सकाळच्या गाडीनं आलीस तर आमचे हे स्टेशनवर घ्यायला येतील. पण ये गं. लवकर ये.